पाच मिलिमीटरची नळी आणि हजार वर्षांचा हिशोब

पाथर्डीतल्या कुठल्याही दवाखान्यासमोरच्या मेडिकलमध्ये थोडा वेळ उभं राहिलं की कुणीतरी चिठ्ठी घेऊन येतं: सोळा नंबरची कॅथेटर एक, युरोबॅग एक, हातमोजे, झायलोकेन जेली. चिठ्ठी आणणारा बहुतेक पेशंटचा मुलगा नाहीतर पुतण्या असतो. सोळा नंबर म्हणजे काय, हे तो विचारत नाही आणि मेडिकलवालाही सांगत नाही. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात शारिएर नावाचा शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा कारागीर होता. त्याने नळ्यांना नंबर द्यायची जी रीत घातली, ती आज पाथर्डीच्या काउंटरवरही चालते. नंबराला तीनने भागायचं की नळीची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. सोळाला तीनने भागलं की ५.३३. एवढ्या जाडीची नळी मूत्राशयात जाते, तिच्या टोकाचा फुगा दहा मिलिलीटर निर्जंतुक पाण्याने फुगवतात आणि ती आत अडकून राहते. हा फुगा १९३० च्या दशकात अमेरिकन डॉक्टर फ्रेडरिक फोली यांनी प्रचारात आणला. पेटंट मात्र दुसऱ्याच माणसाला मिळालं. नाव तेवढं फोलींचं राहिलं.

या लेखात आकडे बरेच येतील. त्यातले काही अमेरिकेतले आहेत, काही दिल्ली-मुंबईतले, आणि काही कागद-पेन्सिल घेऊन इथेच केलेले हिशोब आहेत. ते सगळे शेवटी एकाच माणसापाशी येऊन थांबतात. नळी घातल्यावर डॉक्टर पुढच्या पेशंटकडे जातात आणि नळीसोबत मागे राहते ती वॉर्डातली सिस्टर.

आधी जंतूकडे बघू. लघवीच्या संसर्गात सर्वांत जास्त सापडणारा ई. कोलाय साधारण दोन मायक्रोमीटर लांब असतो. बाईचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटिमीटर, पुरुषाचा सुमारे वीस. म्हणजे बाईच्या बाबतीत जंतूला स्वतःच्या लांबीच्या वीस हजारपट वाट कापायची असते, पुरुषाच्या बाबतीत एक लाखपट. साडेपाच फुटी माणसाच्या मापात हे बसवलं तर पहिलं अंतर साधारण ३३ किलोमीटर भरतं: पाथर्डी सोडून नगरच्या रस्त्याने करंजी घाटाच्या आसपास. दुसरं १६५ च्या पुढे जातं, म्हणजे पाथर्डी ते जवळजवळ पुणे. एरवी ही वाट बंद असते. लघवीचा प्रवाह येता-जाता सगळं धुऊन नेतो आणि वाटेत कुणाला मुक्काम करू देत नाही. नळी घातली की प्रवाह नळीच्या आतून जातो, बाहेरची बाजू कोरडी आणि शांत राहते, आणि जंतूला नळीच्या अंगावरून चालत जायला कायमचा रस्ता मिळतो. डेनिस माकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जंतू नेमके कुठून आत जातात ते तपासलं. सुमारे ६६ टक्के नळीच्या बाहेरच्या अंगाने गेले होते आणि ३४ टक्के आतून, म्हणजे पिशवीकडून किंवा जोडाकडून उलटे वर चढले होते.

हा ३४ टक्क्यांचा हिस्सा वॉर्डात रोज डोळ्यांसमोर घडतो. पेशंटला एक्स-रेला न्यायचं असतं. वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर आणतात, पेशंटला उचलतात आणि लघवीची पिशवी सोयीसाठी पेशंटच्या पोटावर ठेवतात. पिशवीत साठलेली लघवी नळीतून मागे वळते. सिस्टर लांबूनच ओरडते, "अहो, पिशवी खाली धरा!" हे ओरडणं कुठल्याच कागदावर येत नाही. पण त्या ३४ टक्क्यांतला एखादा तिथे थांबलेला असतो.

जंतू एकदा आत पोचला की पुढचं काम वेळ करते. अन्नपाणी भरपूर असेल तर ई. कोलायची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. सरकारी दवाखान्यात नाइट ड्युटी रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तासांची असते. बारा तासांत वीस-वीस मिनिटांचे ३६ टप्पे होतात. एकाचे दोन, दोनाचे चार असं ३६ वेळा करत गेलं की सकाळी हँडओव्हरच्या वेळी आकडा येतो ६,८७१ कोटी ९४ लाख ७६ हजार ७३६. हा कागदावरचा कमाल आकडा आहे. शरीर प्रतिकार करतं आणि लघवीत वाढ बरीच मंद असते. तरी टप्पा चाळीस मिनिटांचा धरला तर त्याच रात्रीत एका जंतूचे २,६२,१४४ होतात. प्रयोगशाळेत लघवीचा संसर्ग मानायची रूढ मर्यादा एका मिलिलीटरमागे एक लाख जंतूंची आहे. एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात ती मांडली आणि ती अजून वापरात आहे. शिवाय हे जंतू नळीला धरून स्वतःभोवती चिकट थर बांधतात. त्या थराच्या आत बसलेल्या जंतूला मारायला अँटिबायोटिकचं प्रमाण शेकडो पटींनी, कधी हजारपटीपर्यंत जास्त लागू शकतं. म्हणून नळी जागेवर ठेवून नुसती इंजेक्शनं देत राहिलं की ताप उतरतो आणि चार दिवसांनी परत येतो. थर नळीवर असतो, तेव्हा नळीच बदलावी किंवा काढावी लागते.

आता या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आकडा. नळी आत असताना लघवीत जंतू सापडायची शक्यता दर दिवशी ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. ऐकायला हे काही फार वाटत नाही, पण हा आकडा दररोजचा आहे. पाच टक्के धरून शंभर पेशंटांचा हिशोब मांडला, तर आठवड्याच्या शेवटी तीसेक जणांच्या लघवीत जंतू असतात आणि दोन आठवड्यांत निम्म्यांहून जास्त जणांच्या. प्रत्यक्षात तर महिना उलटला की जवळजवळ कुणी सुटत नाही. यातले बहुतेक आजारी पडत नाहीत, जंतू नुसते राहतात. फार तर चौथ्या हिश्श्याला त्रास सुरू होतो आणि अगदी थोड्यांच्या रक्तात जंतू शिरतात. हे अगदी थोडे लोकच पुढे आयसीयूत जातात.

महिनाभराची ही मुदतसुद्धा फार पूर्वीची नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नळीचं दुसरं टोक पलंगाखालच्या उघड्या बाटलीत सोडत. तेव्हा तीन-चार दिवसांत जवळजवळ सगळ्यांच्या लघवीत जंतू सापडायचे. नळी आणि पिशवी एकमेकांना घट्ट जोडून मधला रस्ता बंद केला, तेव्हा चार दिवसांचे तीस झाले. औषधाचा एक थेंब न वापरता साडेसातपट वेळ मिळाला. ही बंद जोडणी बंदच ठेवायची. पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता लटकवायची आणि दोन-तृतीयांश भरायच्या आत रिकामी करायची. रिकामी करताना पिशवीची तोटी भांड्याला लागू द्यायची नाही आणि प्रत्येक पेशंटला वेगळं भांडं वापरायचं. ही सगळी कामं सिस्टरच्या वाट्याला येतात आणि रोज, प्रत्येक पाळीत परत येतात.

आता त्या रोजच्या पाच टक्क्यांकडे परत येऊ. नळी किती दिवस ठेवायची, हे ठरवायचं असतं डॉक्टरांनी. संजय सेंट या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००० साली एक गमतीशीर, खरं तर जरा अस्वस्थ करणारी पाहणी छापली. चार रुग्णालयांतल्या डॉक्टरांना त्यांच्याच पेशंटांची यादी दाखवून विचारलं, यातल्या कुणाला लघवीची नळी आहे? नळी असलेल्या पेशंटांपैकी २८ टक्क्यांच्या बाबतीत डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं. अनुभव जितका जास्त, तितकी आठवण कमी. शिकाऊ विद्यार्थी साधारण एकवीस टक्के वेळा चुकले, तर सर्वांत वरिष्ठ डॉक्टर ३८ टक्के वेळा. ज्या नळ्यांची मुळात गरजच उरली नव्हती, त्यांच्या बाबतीत विसर ४१ टक्के होता. म्हणजे जी नळी काढायची, तीच नेमकी विसरली जाते. चादरीखालची नळी डॉक्टरांना दिसत नाही. सिस्टरला मात्र दर पाळीत पिशवीतली लघवी मोजून आउटपुट लिहायचं असतं. तिला विसरायची सोयच नाही.

म्हणून या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत ताकदीचं हत्यार एक वाक्य आहे: "सर, चार नंबर बेडची कॅथेटर आज काढू का?" जेनिफर मेडिंग्ज यांनी २०१० मध्ये अशा आठवण करून देण्याच्या पद्धतींवरचे अनेक अभ्यास एकत्र केले. रोजची आठवण असो, की ठरावीक मुदत संपली की नळी काढायची आणि ठेवायची असेल तर डॉक्टरांनी नव्याने लिहून द्यायचं असा नियम असो, नळीचे दिवस ३७ टक्क्यांनी कमी झाले आणि नळीमुळे होणारे संसर्ग ५२ टक्क्यांनी. वरचं वाक्य बोलायला चार सेकंद लागतात. कोणत्याही कंपनीने अजून असं औषध काढलेलं नाही.

हे वाक्य किती वेळा बोलायची वेळ येते, तो आकडा मोठा आहे. लघवीची नळी म्हटलं की आयसीयू डोळ्यांसमोर येतं. पण सीझर होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईला ती घालतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सीझरने झाल्याचं आढळलं, देशात २१.५ टक्के. राज्यात वर्षाला साधारण १८ लाख बाळंतपणं धरली तर सीझरच्या साडेचार लाखांवर नळ्या होतात. देशात हा आकडा पन्नास लाखांच्या पुढे जातो. आता समजा, साडेचार लाख बायांच्या नळ्या, कुणी विचारलं नाही म्हणून, एकेक दिवस जास्त राहिल्या. पाच टक्क्यांनी २२,५०० बायांच्या लघवीत जंतू आले. एका राज्यात, एका वर्षात, एकाच कारणाच्या नळीने, केवळ एका दिवसाच्या उशिरामुळे.

पाथर्डीच्या शिवेला लागून बीड जिल्हा आहे आणि दोन्हीकडून ऊसतोडीला जाणारी माणसं सारखीच. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा सरकारी समितीच्या २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या किती शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, तो इथे दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. पण या शस्त्रक्रियेलाही लघवीची नळी लागते. म्हणजे ती १३ हजार ८६१ वेळा घातली गेली असणार, आणि तितक्याच वेळा ती काढायचा क्षण कुणीतरी ठरवला असणार. फडावर ना संडास, ना पुरेसं पाणी. अशा ठिकाणी परत जाणाऱ्या बाईला दवाखान्यातला संसर्ग सोबत नेणं परवडत नाही.

लघवीच्या नळीखेरीज दुसऱ्या नळ्या रक्तात जातात. हातावरचं इंट्राकॅथ जगात वर्षाला अब्जावर संख्येने वापरलं जातं. माकी यांनीच २००६ मध्ये २०० अभ्यास एकत्र करून प्रत्येक प्रकारच्या नळीचा दर काढला. हातावरच्या साध्या इंट्राकॅथमध्ये हजार नळी-दिवसांमागे रक्ताचा संसर्ग ०.५, तर मानेत किंवा छातीत घातलेल्या साध्या सेंट्रल लाईनमध्ये २.७. इथे नळी-दिवस म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण या विषयातली सगळी मोजणी त्यावर उभी आहे. एका पेशंटला एक नळी एक दिवस राहिली की एक नळी-दिवस. दहा पेशंट, प्रत्येकाची नळी तीन दिवस, म्हणजे तीस. रोज एकाच ठरलेल्या वेळी वॉर्डातून फिरून नळ्या मोजायच्या आणि लिहायच्या. जगभर हे काम प्रामुख्याने नर्सच करतात.

सेंट्रल लाईनच्या बाबतीत जगातलं सर्वांत गाजलेलं काम अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात झालं. पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०३ आयसीयूंचे आकडे २००६ मध्ये छापले. नळी घालताना पाच गोष्टी करायच्या: हात धुवायचे, पेशंट पूर्ण झाकून गाउन, टोपी, मास्क आणि हातमोजे घालायचे, कातडी क्लोरहेक्सिडीनने साफ करायची, शक्यतो जांघेतून नळी घालायची नाही, आणि गरज संपली की नळी काढायची. यातलं काहीच नवं नव्हतं. नवं एवढंच की सिस्टरच्या हातात यादी दिली आणि डॉक्टर एखादी पायरी गाळत असेल तर त्याला थांबवायचा अधिकार दिला. व्यवस्थापन तिच्या पाठीशी उभं राहिलं. या अभ्यासात एकूण ३,७५,७५७ नळी-दिवस मोजले गेले. एकाच माणसाला एकच नळी ठेवली असती तर ती १,०२८ वर्षं राहिली असती. २००६ मधून एवढी वर्षं मागे गेलं तर राष्ट्रकूटांची सत्ता नुकतीच संपलेली असते आणि ज्ञानेश्वरांच्या जन्माला जवळजवळ तीनशे वर्षं अवकाश असतो. सुरुवातीला हजार नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ संसर्ग होते, दीड वर्षात ते १.४ वर आले. त्या सगळ्या हजार वर्षांना जुना दर लावला तर २,८९३ संसर्ग होतात, नवा लावला तर ५२६. मधले २,३६७ म्हणजे एका कागदी यादीचा आणि "सर, थांबा" म्हणायच्या मुभेचा फरक.

आता भारत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या अजिता मेहता आणि संसर्गनियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचे व्हिक्टर रोझेन्थाल यांनी सात भारतीय शहरांतल्या आयसीयूंचा अभ्यास २००७ मध्ये छापला. १०,८३५ पेशंट, ५२,५१८ दिवस. सेंट्रल लाईनचा संसर्ग हजार नळी-दिवसांमागे ७.९२. मिशिगनची सुरुवातीची सरासरी ७.७ होती. मोजायच्या पद्धती थोड्या वेगळ्या असतील, तरीही हे दोन आकडे शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. आपल्याकडचा दर हा आपल्या गरिबीचा किंवा हवेचा दोष असता, तर श्रीमंत मिशिगन कधीच त्या आकड्यावर नसतं.

त्याच अभ्यासात लघवीच्या नळीचा दर १.४१ निघाला. हा फारच कमी आहे आणि त्यावर खूश व्हायच्या आधी थोडं थांबावं. लघवीचा संसर्ग ठरवायला कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी, लागतं. तापलेल्या पेशंटला सरळ अँटिबायोटिक सुरू केलं आणि कल्चर लावलंच नाही, तर संसर्ग कागदावर येतच नाही. तालुक्याच्या गावातल्या बहुतेक दवाखान्यांत कल्चरची सोय नसते. नमुना नगरला पाठवायचा, अहवाल दोन-तीन दिवसांनी यायचा, तोवर पेशंट घरी गेलेला. अशा ठिकाणी संसर्गाचा दर विचारला तर शून्य सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

मोजायला बसलं की काय दिसतं, ते भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या जाळ्याने दाखवलं. २०१७-१८ मध्ये २६ रुग्णालयांतल्या ८९ आयसीयूंमधून रुग्णालयात झालेले रक्ताचे २,६२२ आणि लघवीचे ७३७ संसर्ग नोंदवले गेले. नवजात बाळांच्या आयसीयूत रक्ताच्या संसर्गाचा दर हजार नळी-दिवसांमागे वीसच्या वर होता. रक्तात सापडलेल्या क्लेब्सिएला जंतूंपैकी ७२ टक्के कार्बापेनेम गटातल्या, म्हणजे हाताशी असलेल्या शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकला दाद देत नव्हते. दहातले सात जंतू औषधाला जुमानत नसतील, तिथे संसर्ग होऊच न देणं हाच उपचार उरतो. आणि तो करायचा असतो दीड किलोच्या बाळाच्या सलाईनचा जोड उघडायच्या आधी स्पिरिटच्या बोळ्याने पंधरा सेकंद घासून. पंधरा सेकंद किती लांब असतात, ते चार बाळं एकदम रडत असताना मोजून बघावं.

सेकंदांचाच हिशोब व्हॉस आणि विडमर या दोघांनी १९९७ मध्ये केला. बारा कर्मचारी असलेल्या एका आयसीयूत सगळ्यांनी प्रत्येक वेळी साबण-पाण्याने नीट हात धुवायचे ठरवले तर एका दिवसपाळीत सगळ्यांचे मिळून सोळा तास हात धुण्यातच जातात. बारा माणसांतली दोन पूर्ण पाळीभर नळाशी उभी. तेच काम अल्कोहोलच्या हँडरबने तीन तासांत होतं. म्हणजे पलंगापाशी ठेवलेली हँडरबची बाटली त्या आयसीयूला रोज तेरा तासांची नर्स देते. ती बाटली कपाटात कुलूपबंद असेल तर हे तेरा तासही तिथेच बंद.

आता या सेकंदांना माणसांनी भागू. देशात १,००० लोकसंख्येमागे नर्सचं प्रमाण सरकारी आकड्यांनुसार दोनच्या आसपास आहे, आणि हे नोंदणीवरचं. नोंदणी केलेल्यांपैकी कित्येक जणी आखाती देशांत किंवा इंग्लंडात आहेत, कित्येक घरी आहेत. जगात २०२३ मध्ये नर्सेस २ कोटी ९८ लाख होत्या. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या १६१ रुग्णालयांच्या २०१२ च्या अभ्यासात एका नर्सकडे सरासरी ५.७ पेशंट होते. त्यात एक पेशंट वाढला की हजार पेशंटांमागे लघवीचा जवळजवळ एक संसर्ग वाढत होता. आपल्याकडे तीस खाटांच्या वॉर्डात रात्री दोन सिस्टर असणं चांगलं समजलं जातं. पंधरा पेशंटांना तो हिशोब लावायचा का, हे मला ठरवता येत नाही. ५.७ च्या आसपासची रेघ पंधरापर्यंत सरळ ओढणं शास्त्राला धरून होणार नाही. पण ती रेघ खाली वळत असेल असं मानायलाही काही कारण नाही.

नर्सच्या कामातलं सर्वांत मोठं शून्य महाराष्ट्रातलंच आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला त्यांचं निधन झालं. मधले दिवस १५ हजारांहून जास्त, रोजच्या तीन पाळ्या धरल्या तर ४५ हजारांहून जास्त पाळ्या. हल्ल्यानंतर सदतीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकही बेडसोअर झालेला नाही, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०११ च्या निकालात आहे. अंथरुणावरच्या पेशंटला बेडसोअर व्हायला काही तासही पुरतात. ज्यांनी त्यांना पहिल्यांदा सांभाळलं त्या निवृत्त झाल्या, त्यांच्यानंतरच्याही झाल्या, आणि शून्य तसंच पुढच्या पाळीच्या हाती दिलं गेलं.

दवाखान्यातून सुटलेल्या नळ्यांचं काय, हा प्रश्न पाथर्डीसारख्या ठिकाणी जास्त बोचतो. पॅरालिसिस झालेला, खुबा मोडलेला किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडलेला म्हातारा माणूस नगरहून घरी येतो तो नळी आणि पिशवीसकट. साधी लॅटेक्सची नळी तीन-चार आठवड्यांत बदलावी लागते, सिलिकॉनची तीन महिन्यांपर्यंत चालते. दिवाळीच्या सुमाराला तालुक्यातली कर्ती माणसं कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. घरी म्हातारी माणसं आणि शाळकरी नातवंडं. पाच-सहा महिने म्हणजे दीडशेहून जास्त नळी-दिवस, आणि रोज पिशवी रिकामी करणारी सातवीतली मुलगी. तिला कुणी शिकवलेलं असतं? डिस्चार्जच्या दिवशी दोन मिनिटं खर्चून एखाद्या सिस्टरने सांगितलं असेल तेवढंच: "बाळा, हात धू, पिशवी जमिनीवर टेकवू नको, आजोबांना उचलताना पिशवी वर धरायची नाही." हे दीडशे दिवस कुठल्याही अभ्यासात मोजलेले नाहीत.

बाकी जे दवाखान्यात घडतं, ते मोजायची सवय आता हळूहळू लागते आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये कायाकल्प योजना आणली. तिच्यात सरकारी दवाखान्यांना स्वच्छतेबरोबर संसर्गनियंत्रणासाठीही गुण मिळतात आणि बक्षिसासाठी किमान सत्तर टक्के लागतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी कॅथेटर आणि युरोबॅग लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, हे पक्कं केलं. तपासणीच्या आठवड्यात पिशव्यांचे रंग सगळीकडे बिनचूक असतात, हे सरकारी दवाखान्यात काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण पिशवीचा रंग बघून नळी किती दिवस आत होती ते कळत नाही.

ते कळायला आकडा लागतो, आणि लहान दवाखान्याची अडचण नेमकी इथे आहे. समजा, एका तालुक्याच्या दवाखान्यात कुठल्याही दिवशी सरासरी सहा लघवीच्या नळ्या असतात. हजार नळी-दिवस भरायला १६७ दिवस लागतील, म्हणजे साडेपाच महिने. दर हजारी पाच असला, म्हणजे बऱ्यापैकी वाईट असला, तरी साडेपाच महिन्यांत पाच संसर्ग, महिन्याला एकाहून कमी. तीन पाळ्यांत फिरणाऱ्या, सुट्ट्या आणि बदल्यांनी सतत बदलणाऱ्या दहा-बारा सिस्टरांपैकी एकीलाही हे जाणवणार नाही. प्रत्येकीला वाटेल, आपल्याकडे असं क्वचितच होतं. आणि प्रत्येकीपुरतं ते खरंच असेल.

मोजून नळ्या कमी केल्या की काय होतं, ते सेंट यांच्याच गटाने २०१६ मध्ये ६०३ रुग्णालयांतल्या ९२६ विभागांचे आकडे छापून दाखवलं. नळीमुळे होणारे लघवीचे संसर्ग साध्या वॉर्डांत हजारी २.२८ वरून १.५४ वर आले, जवळजवळ तिसरा हिस्सा कमी. आयसीयूंमध्ये काहीच फरक पडला नाही. तिथे तासातासाची लघवी मोजावी लागते म्हणून नळी ठेवतातच. फायदा झाला तो साध्या वॉर्डात, पाथर्डीसारख्या ठिकाणी असतो तशा.

महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालयं साडेतीनशेहून अधिक आहेत. उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं बाजूला ठेवली, खासगी नर्सिंग होम तर सोडूनच दिली, आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कुठल्याही दिवशी फक्त दोन लघवीच्या नळ्या धरल्या, तरी रोजचे सातशे नळी-दिवस होतात. दीड दिवसात हजार भरतात. अठरा महिन्यांत ३ लाख ८३ हजारांच्या आसपास जातात, मिशिगनच्या गाजलेल्या अभ्यासापेक्षा सातेक हजारांनी जास्त. नळ्या वेगळ्या आहेत, तिथल्या रक्तातल्या आणि इथल्या लघवीच्या, पण मोजायची रीत तीच. रजिस्टरमध्ये दोन रकाने आखायचे, आज नळ्या किती आणि त्यातली नको असलेली कोणती, आणि नाइटच्या सिस्टरने रोज रात्री बारा वाजता ते भरायचे.